कुस्तीचा कोच ते अ‍ॅथलेटिक डायरेक्टर: न्यू जर्सीतल्या हायस्कुलात ही वाट कशी चालायची

प्रश्न असा आहे. लहानपण कोल्हापूरच्या तालमीत गेलेले एक गृहस्थ न्यू जर्सीतल्या पब्लिक हायस्कुलात शारीरिक शिक्षण शिकवतात आणि तिथल्या कुस्ती संघाचे हेड कोच आहेत. आता त्यांना अ‍ॅथलेटिक डायरेक्टर व्हायचं आहे, म्हणजे शाळेतल्या सगळ्या खेळांचा कारभार हातात घ्यायचा आहे. कोचिंगचा अनुभव किती कामाला येतो, कागदपत्रं कोणती लागतात आणि पहिल्या वर्षात माणसं कुठे अडकतात, हे त्यांनी विचारलं आहे.

आधी माझं मत सांगतो. कुस्तीचा कोच या पदासाठी बऱ्याच खेळांच्या कोचपेक्षा जास्त तयार असतो, मात्र त्याची तयारी झालेली असते ती त्याला वाटते त्या ठिकाणी नव्हे. किती पोरं अटलांटिक सिटीच्या बोर्डवॉक हॉलपर्यंत, राज्य स्पर्धेपर्यंत नेली, याला निवड समितीसमोर फार तर पाच मिनिटं मिळतात. खरी तयारी होते वजनाच्या नोंदी, त्वचारोगाचे फॉर्म, टूर्नामेंटचं वेळापत्रक आणि एकेका मुलाबद्दल पालकांशी झालेली अवघड बोलणी यांतून. ही कामं ज्यानं स्वतः हातानं केली त्याला हे पद पेलतं. ज्यानं ती वर्षानुवर्षं असिस्टंट कोचवर किंवा अ‍ॅथलेटिक ट्रेनरवर (खेळाडूंच्या दुखापती पाहणाऱ्या तज्ज्ञावर) ढकलली, त्याच्या कपाटात कितीही चषक असोत, पहिल्या सप्टेंबरातच त्याची दमछाक होते.

वजनाचंच घ्या. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अवघ्या पाच आठवड्यांत अमेरिकेत तीन कॉलेज पैलवान वजन उतरवताना दगावले. त्यानंतर वजनाचे नियम कडक झाले. हायस्कुलांसाठी एनएफएचएस या राष्ट्रीय संघटनेचा नियम आता असा: हंगामाच्या सुरुवातीला आधी लघवीची तपासणी, विशिष्ट घनता १.०२५ च्या वर नको. वर गेली तर शरीरात पाणी कमी आहे असं धरून त्या दिवशी पुढचं मोजमाप होतच नाही. मग शरीरातल्या चरबीचं प्रमाण मोजायचं. मुलांना ७ टक्क्यांच्या आणि मुलींना १२ टक्क्यांच्या खाली जाता येत नाही, आणि आठवड्याला शरीराच्या वजनाच्या १.५ टक्क्यांपेक्षा जास्त वजन उतरवता येत नाही.

समजा मुलगा १४० पौंडांचा आहे आणि चरबी १५ टक्के. चरबी वगळून वजन ११९ पौंड. किमान ७ टक्के चरबी धरून त्याला ०.९३ नं भागलं की १२८ पौंड येतात, ही त्याची तळरेषा. वजनगट १२६ आणि १३२ असे असतील तर १२६ त्याला कायमचा बंद, १३२ मोकळा. पण १३२ लाही तो दुसऱ्या दिवशी उभा राहू शकत नाही. आठवड्याला सुमारे दोन पौंड या गतीनं त्याला चार आठवडे लागतात. नॅशनल रेसलिंग कोचेस असोसिएशनच्या ओपीसी प्रणालीत हे आकडे भरले की प्रत्येक तारखेला तो कुठल्या गटात बसतो ते दिसतं. तरीही डिसेंबरात एखादे वडील येऊन म्हणतातच, "पोरगा एका दिवसात उतरेल, तुम्ही फक्त उभा करा." तेव्हा तारखेचा कागद पुढे ठेवून, आवाज न चढवता नाही म्हणता येणं, हे अ‍ॅथलेटिक डायरेक्टरचं निम्मं काम आहे.

कारण पात्रतेचा सगळा कारभार याच घडणीचा आहे, फक्त तो एका संघाऐवजी वीस-पंचवीस संघांचा असतो. न्यू जर्सीत एनजेएसआयएए या राज्य संघटनेचे नियम लागतात. दहावीपासून पुढच्या विद्यार्थ्याला पहिल्या सत्रात खेळायचं तर आदल्या वर्षी ३० क्रेडिट, म्हणजे उत्तीर्ण विषयांचे श्रेयांक, मिळालेले हवेत. दुसऱ्या सत्रासाठी पहिल्या सत्रात १५. ज्याला १ सप्टेंबरच्या आधी १९ वर्षं पूर्ण झाली तो बाद. नववीत पाऊल टाकल्यापासून सलग आठ सत्रं, त्यापुढे नाही. वैद्यकीय तपासणी पहिल्या सरावाच्या आधीच्या ३६५ दिवसांतली हवी, आणि ती ९० दिवसांहून जुनी असेल तर पालकांनी भरलेला आरोग्य-इतिहासाचा ताजा फॉर्मही हवा. यातला एक कागद चुकला आणि मुलगा सामन्यात उतरला, तर संघानं जिंकलेले सामने हरलेले धरले जाऊ शकतात. ज्या मुलाची चूक नाही त्याच्या मागे सगळा संघ भरडला जातो, म्हणून यात कुणाचीही गय करू नका, स्वतःचीही नाही.

चूक नेमकी कुठे होते तेही सांगतो. अमेरिकन फुटबॉलच्या ऑगस्टमधल्या यादीत चूक सहसा निघत नाही, कारण तेव्हा सगळे सावध असतात. चूक निघते ती हिवाळी हंगाम सुरू झाल्यावर दोन आठवड्यांनी संघात आलेल्या मुलाच्या बाबतीत, आणि शाळा बदलून आलेल्याच्या बाबतीत. कुस्तीचा हंगामही हिवाळी असतो, त्यामुळे कोच म्हणून तुम्हाला हे दुखणं ठाऊक आहे. प्रत्येक खेळासाठी वेगळी यादी ठेवू नका. एकच मुख्य यादी ठेवा: नाव, इयत्ता, जन्मतारीख, क्रेडिट, तपासणीची तारीख, शाळेत दाखल झाल्याची तारीख, नर्सची सही. कोच आपल्या संघाची यादी देतो, मेळ तुम्ही घालता, आणि मेळ बसेपर्यंत त्या मुलाला सरावाचे कपडे मिळत नाहीत. कोचांना हे पहिल्या बैठकीत सांगितलं तर राग टिकत नाही. हंगामाच्या मध्यावर सांगितलं तर तो वर्षभर पुरतो.

त्वचारोगाचंही तसंच. कुस्तीत अंगाला अंग घासतं, म्हणून गजकर्ण, नागिणीच्या जातीचा हर्पीस, जंतूंचे फोड हे सगळं मॅटवरून पसरतं. गजकर्ण अंगावर असेल तर औषध सुरू करून ७२ तास, डोक्यावर असेल तर १४ दिवस बाहेर. डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म वजनाच्या वेळी पंचाच्या हातात हवा, गाडीत राहिलेला फॉर्म चालत नाही. मॅट रोज धुवायचा, साधं ब्लीच वापरत असाल तर पाण्याशी १:१०० प्रमाणात आणि त्या दिवशीच कालवलेलं. बाजारातलं जंतुनाशक असेल तर डब्यावर लिहिलेला वेळ ते ओलं राहिलं पाहिजे. बहुतेक जण फडका मारून लगेच वाळवतात आणि सगळं वाया घालवतात. अ‍ॅथलेटिक डायरेक्टर झाल्यावर हा फडका मारणारा माणूस, त्याची वेळ आणि त्याच्या सहीचा तक्ता तुमच्या जबाबदारीत येतो, आणि तो फुटबॉलच्या लॉकर रूमलाही लागू करावा लागतो.

आता टूर्नामेंट. मुलाखतीत सांगण्यासारखं तुमच्याकडे सर्वांत वजनदार काही असेल तर ते हेच, कारण एका दिवसात इतकी माणसं, इतके निकाल आणि इतके पंच सांभाळण्याचा प्रसंग बाकीच्या कोचांवर क्वचित येतो. पण ते आकड्यांनी सांगता आलं पाहिजे. सोळा संघ, चौदा वजनगट, प्रत्येक गटात सोळा जण. विजेत्यांच्या बाजूला १५ कुस्त्या. हरलेल्यांना पूर्ण दुसरी संधी दिली तर तिसऱ्या क्रमांकापर्यंत आणखी १३, पाचव्या क्रमांकासाठी १. एकूण २९, गुणिले चौदा, म्हणजे ४०६ कुस्त्या. सहा मॅट असतील तर दर मॅटला ६८. कुस्ती दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची, काही लवकर चितपट होतात, काही ओढत जातात. मुलं येणं-जाणं धरून सरासरी साडेसहा मिनिटं पकडली तर सव्वासात ते साडेसात तास अखंड. त्यात अंतिम फेरीआधीचा विराम, ध्वनिक्षेपकाचा घोळ आणि रक्त पुसण्यासाठीचे थांबे मिळवा.

यातली मेख वेगळीच आहे. पहिल्याच फेरीत हरलेला मुलगा तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोचायचा तर त्याला दिवसात सहा कुस्त्या खेळाव्या लागतात, आणि दिवसाला पाच कुस्त्यांची मर्यादा जिथे लागू आहे तिथे हे आराखड्यातच बसत नाही. म्हणून एक तर दोन दिवस घ्या, नाहीतर दुसरी संधी उपांत्यपूर्व फेरीपासून द्या. हे आमंत्रण पाठवण्याआधी ठरवायचं असतं. संध्याकाळी पाच वाजता कळलं तर काहीच करता येत नाही.

जागेचाही हिशेब आधी. हायस्कूलचं बास्केटबॉल कोर्ट ८४ बाय ५० फूट. कुस्तीचं वर्तुळ किमान २८ फूट व्यासाचं आणि भोवती किमान ५ फूट संरक्षक पट्टा, म्हणजे मॅट ३८ फुटांच्या आत येत नाही. नेहमीचा मॅट ४२ बाय ४२. दोन मॅट लांबीला बरोबर बसतात, बाकांच्या रांगा पूर्ण मागे सरकवल्या तर तीन-चार. सहा मॅट म्हणजे दुसरा हॉल आलाच, आणि दुसरा हॉल आला की दुसरा ट्रेनर, दुसरा ध्वनिक्षेपक आणि दुसरा जबाबदार माणूस आला. दर मॅटला एक पंच आणि प्रत्येक तीन मॅटमागे एक जास्तीचा. टेबलावर गुण लिहिणारा आणि घड्याळ सांभाळणारा असे दोघे, चार तासांनी बदली. ट्रॅकरेसलिंग या ऑनलाइन प्रणालीवर निकाल भरणारा माणूस मुख्य टेबलावर, पण दर कुस्तीचा कागदही ठेवाच. इंटरनेट गेलं तर कागदाच्या जोरावर दिवस पार पडतो.

न्यू जर्सीतली एक घटना या पदावर येणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवावी. डिसेंबर २०१८ मध्ये एका शालेय लढतीत पंचानं एका कृष्णवर्णीय पैलवानापुढे पर्याय ठेवला: ड्रेडलॉक्स (जटांसारखे वळलेले केस) काप, नाहीतर कुस्ती सोड. मॅटशेजारीच त्याचे केस कापले गेले आणि ते चित्रीकरण देशभर गेलं. पुढच्या वर्षी, डिसेंबर २०१९ मध्ये, राज्यानं केसांच्या ठेवणीवरून भेदभाव करायला बंदी घालणारा क्राउन अ‍ॅक्ट केला. कारभाराच्या बाजूनं यातून घ्यायचं ते असं: केस, नखं, डोक्यावरचं आवरण, त्वचा यांची तपासणी वजनाच्या वेळी पूर्ण झालीच पाहिजे, आणि वाद उठला तर घड्याळ थांबवून पंचाशी बोलू शकेल असा शाळेचा अधिकारी मॅटपासून वीस पावलांत हवा. त्या मुलाला एकट्याला, हजार डोळ्यांसमोर, नव्वद सेकंदांत असा निर्णय घ्यायला लागता कामा नये. मुलाची बाजू घेऊन उभं राहायला तिथे मोठं माणूस हवं, आणि ते माणूस तुम्ही असता.

आता टायटल नाइन. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण कुस्तीतून आलेला प्रशासक इथे हटकून घसरतो. १९७२ चा हा संघराज्याचा कायदा सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेत लिंगावरून भेदभाव करू देत नाही. कॉलेजांनी कुस्तीचे संघ बंद केले तेव्हा त्याचं खापर याच कायद्यावर फोडण्याची सवय कुस्तीवाल्यांमध्ये पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. ती मनात ठेवून या खुर्चीत बसू नका. हायस्कूलच्या पातळीवर आज उलटंच चित्र आहे. मुलींच्या कुस्तीनं कित्येक शाळांच्या कुस्तीच्या खोल्या जिवंत ठेवल्या आहेत. हवाईनं १९९८ मध्ये मुलींची राज्य स्पर्धा सुरू केली, न्यू जर्सीनं २०१८-१९ च्या हंगामात. एनएफएचएसच्या मोजणीत २०२२-२३ ला देशभरात ५० हजारांवर मुली होत्या, २०२३-२४ ला ६४ हजारांवर. महिला कुस्तीला कॉलेज पातळीवर एनसीएएची अजिंक्यपद स्पर्धा मिळाली आहे.

कायद्यानं संधी पुरेशी आहे का हे तपासायच्या तीन कसोट्या आहेत आणि त्यांतली एक पुरी झाली तरी चालते. पहिली प्रमाणाची. समजा शाळेत १००० विद्यार्थी, त्यांत ४९० मुली. खेळाडू ४२०, त्यांत मुलगे २५२ आणि मुली १६८, म्हणजे ४० टक्के. मुलग्यांची संख्या तीच ठेवून मुली ४९ टक्क्यांवर आणायच्या तर २४२ लागतील, म्हणजे ७४ ची तूट. मुलींच्या कुस्तीत २० जणी आल्या तरी ती भरत नाही. मग दुसरी कसोटी: शाळा मुलींसाठी संधी सतत वाढवत आली आहे का. तिसरी: मुलींची आवड आणि कुवत पूर्णपणे सामावली गेली आहे का. मुलींनी संघ मागितला, खेळायला पुरेशा मुली आहेत आणि आसपास प्रतिस्पर्धी शाळा आहेत, तरी तुम्ही नाही म्हटलं, तर तिसरी कसोटी तिथेच संपते. म्हणून अशी मागणी तोंडी आली तरी तारीख घालून लिहून ठेवा आणि उत्तर लेखी द्या.

पण संघ काढला म्हणजे सुटलो असं नाही. खोली एकच. मुलगे तीन ते पाच, मुली साडेसहाला, हे वर्षभर चालवलं तर ती असमान वागणूक ठरते. आठवड्याआड वेळ पालटा, किंवा मॅट दुभागून दोन्ही संघ एकाच वेळी घ्या. कोचचं मानधन, लॉकर रूम, बस, पंच, सिंगलेट, जिममधला शुक्रवारचा मोक्याचा वेळ, सगळं तोलून पाहावं लागतं. आणि एक गोष्ट बहुतेकांना माहीतच नसते: पालकांच्या बूस्टर क्लबनं स्वतःच्या पैशानं मुलग्यांच्या संघाला नवे वॉर्मअप आणि चित्रीकरणाची यंत्रणा दिली, तरी दोन्ही बाजूंची समानता राखण्याची जबाबदारी शाळेचीच राहते. पैसा खाजगी होता हे उत्तर चालत नाही. बूस्टर क्लबचा धनादेश स्वीकारण्याआधी मुलींच्या बाजूला तोडीचं काय द्यायचं ते ठरवा, नाहीतर देणगी नम्रपणे परत करा.

आणीबाणीची योजना हा दुसरा विषय ज्यात कागद आणि प्रत्यक्ष यांत अंतर राहतं. न्यू जर्सीत जॅनेट्स लॉ या नावाचा कायदा सप्टेंबर २०१४ पासून लागू आहे. शाळेत एईडी, म्हणजे बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, हवं, ते कुलपाबाहेर हवं, आणि सीपीआर येणाऱ्या किमान पाच जणांची यादी हवी. आता कुस्तीची खोली आठवा. बऱ्याच शाळांत ती तळघरात किंवा इमारतीच्या मागच्या टोकाला असते आणि संध्याकाळी मधली दारं बंद होतात. घड्याळ लावून धावून पाहा. कोसळल्यापासून तीन मिनिटांत झटका देता येईल असं यंत्र कुठे टांगायचं, हे नकाशावरून कळत नाही. रुग्णवाहिका कुठल्या फाटकातून येणार, किल्ली कुणाकडे, बाहेर हात करायला कोण उभं राहणार, हे प्रत्येक मैदानासाठी वेगळं लिहा. उन्हाळ्यात डब्ल्यूबीजीटी, म्हणजे तापमान, दमटपणा आणि ऊन मिळून होणारा उष्णतेचा ताण, मोजायचं उपकरण आणि बर्फाच्या पाण्याचा टब भरलेला हवा. उष्माघातात आधी टबात थंड करायचं, मग हलवायचं. ऑगस्टमध्ये फुटबॉलचे सराव सुरू व्हायच्या आधी याची तालीम घ्या, हंगाम सुरू झाल्यावर कुणालाच वेळ नसतो.

कुस्तीच्या खोलीतून न मिळणारं ज्ञानही बरंच आहे आणि ते पहिल्या उन्हाळ्यातच गोळा करावं लागतं. फुटबॉलची हेल्मेटं दरसाल दुरुस्ती-प्रमाणपत्रासाठी पाठवतात, पण दहा वर्षांहून जुनं हेल्मेट त्या कंपन्या परत घेत नाहीत. म्हणजे हेल्मेटांचा साठा वर्षवार माहीत नसेल तर एका वर्षी अचानक चाळीस नवी घ्यावी लागतात आणि अंदाजपत्रक कोलमडतं. मैदानी खेळांना पाऊस लागतो, आणि एप्रिलमध्ये एक सामना रद्द झाला की पंच, बस, मैदान आणि समोरची शाळा अशा चार ठिकाणी फोन करावे लागतात. बसचा तर वेगळाच फास आहे. शाळेच्या बसगाड्या दुपारच्या फेऱ्या संपेपर्यंत मोकळ्या होत नाहीत, म्हणून दूरच्या सामन्याला एक तर मुलांना वर्गातून लवकर काढा किंवा खाजगी बस घ्या. पहिल्यात शिक्षक नाराज, दुसऱ्यात बिझनेस ऑफिस. वर्षाचं वेळापत्रक मांडतानाच लांबचे प्रवास सुट्ट्यांना आणि शनिवारांना जोडले तर दोन्ही त्रास निम्मे होतात.

कागदपत्रांबद्दल फार लिहीत नाही, ती सरळ आहेत. न्यू जर्सीत या पदाच्या जाहिराती बहुधा सुपरवायझर किंवा प्रिन्सिपल प्रमाणपत्र मागतात. सुपरवायझरसाठी मास्टर्स पदवी, तीन वर्षं अध्यापन आणि पर्यवेक्षणाच्या विषयातले १२ पदव्युत्तर क्रेडिट लागतात. मास्टर्स अजून व्हायची असेल तर हे १२ क्रेडिट त्यातच बसतील असा अभ्यासक्रम निवडा, वेगळे पैसे वाचतात. एनआयएएए ही अ‍ॅथलेटिक डायरेक्टरांची राष्ट्रीय संघटना. तिचं आरएए हे पहिलं प्रमाणपत्र, मग परीक्षा देऊन सीएए, त्यापुढे लेखी प्रकल्प करून सीएमएए. तिचे ५०४ आणि ५०६ हे दोन कायद्याचे कोर्स कोच असतानाच करून टाका. मुलाखतीत त्यांचा उल्लेख लगेच नजरेत भरतो आणि कामावर तर त्यांची रोज गरज पडते. राज्यातली डीएएएनजे ही संघटना नव्या लोकांना अनुभवी माणूस जोडून देते, तो जरूर मागा.

पण प्रमाणपत्रापेक्षा उपयोगाची पायरी म्हणजे साइट मॅनेजर. संध्याकाळच्या सामन्यांना शाळेतर्फे हजर राहून तिकीट, पंच, गर्दी, रुग्णवाहिका, दिवे सांभाळणारा हा माणूस. मानधन थोडं असतं आणि बहुतेक कोच ते टाळतात. तुम्ही ते मागून घ्या, आणि मुद्दाम कुस्ती सोडून: मुलींचं बास्केटबॉल, ट्रॅक, फुटबॉलचा शुक्रवार. दोन हंगामांत बाकीच्या कोचांना तुमची ओळख न्याय्य माणूस म्हणून होते. नेमणुकीच्या वेळी सुपरिंटेंडेंट, म्हणजे शाळा-जिल्ह्याचे प्रमुख, त्यांनाच विचारतात. मुलाखतीला चषकांचे फोटो नेऊ नका. तुम्ही चालवलेल्या टूर्नामेंटचा आराखडा, त्याचा जमाखर्च, तुमच्या खोलीची आणीबाणीची योजना आणि चार वर्षांच्या वजन-नोंदींचा नमुना, नावं झाकून, असा एक फोल्डर न्या. "माझ्या मुलीला खेळायला वेळ का मिळत नाही" असं पालक विचारतात तेव्हा काय कराल, हा प्रश्न येणारच. सामन्यानंतर २४ तास चर्चा नाही, आधी मुलगी कोचशी बोलेल, मग पालक आणि कोच, त्यानंतर तुम्ही. ही पायरी मोडून थेट तुमच्याकडे आलेल्या ओळखीच्या माणसालाही परत पाठवाल, हे त्यांना ऐकायचं असतं.

सर्वांत अवघड आहे ते कुस्तीपासून हात काढून घेणं. तालमीत वस्तादाचा शब्द अखेरचा असतो, आणि ती सवय इथे नडते. लहान शाळांत डायरेक्टरनंच संघ चालवायला परवानगी असते. घेतलीच तर एका हंगामापुरती घ्या, आणि स्वतःचं मूल संघात असेल तर मुळीच नको. नवा हेड कोच निवडताना असिस्टंटचा हक्क गृहीत धरू नका: जाहिरात, समिती, सर्वांना सारखे प्रश्न, गुणपत्रिका. मुलींच्या संघाला कोच शोधतानाही तोच क्रम. निवड झाली की खोलीची किल्ली त्याला द्या आणि मॅटच्या कोपऱ्यातली खुर्ची सोडा. जुने पैलवान, त्यांचे पालक तुमच्याकडेच येत राहतील, नव्या कोचच्या डावपेचांबद्दल कुरकुर करतील. त्यातला शब्दही पुढे नेऊ नका. पंचानं चुकीचा गुण दिला तरी बाकावरून उठू नका, कारण आता तुमच्या शेजारी बसलेला पाहुण्या शाळेचा माणूस तुम्हाला यजमान म्हणून पाहतो. आणि पहिल्या अंदाजपत्रकात कुस्तीला नवा मॅट मागू नका, जुना फाटलेला असला तरी. फाटला असेल तर टेप आणि दुरुस्ती, नवा दुसऱ्या वर्षी. पहिल्या वर्षी टेनिस, क्रॉस-कंट्री, गोल्फ अशा कुणी न विचारलेल्या खेळांना काहीतरी द्या. त्या कोचांना ते वर्षानुवर्षं आठवतं.

शेवटी पगार. बोलणी करताना वर्षाचा आकडा पाहून भुलू नका, दिवसाचा काढा. उदाहरणादाखल, दहा महिन्यांच्या करारावर शिक्षकाचे ८५,००० डॉलर आणि कोचचं १०,००० मानधन, म्हणजे ९५,०००. १८५ दिवसांनी भागलं तर रोजचे सुमारे ५१४. अ‍ॅथलेटिक डायरेक्टरचे १,२०,००० डॉलर बारा महिन्यांच्या करारावर, सुमारे २४० दिवस, म्हणजे रोजचे ५००. आकडा मोठा दिसला तरी रोज घटला, आणि हिवाळ्यात आठवड्यातल्या चार-पाच संध्याकाळी त्यात धरलेल्याच नाहीत. म्हणून शनिवारच्या आणि रात्रीच्या कामाबद्दल बदली रजा किती, उन्हाळ्यात किती दिवस घरून काम, सहायक किंवा सचिव पूर्ण वेळ की अर्धवेळ, हे सही करण्याआधी लेखी घ्या. कोचचं पद न्यू जर्सीत कधीच कायम होत नाही, ते दरसाल नव्यानं मिळतं. सुपरवायझरचं कायमपद शिक्षकाच्या कायमपदापासून वेगळं मिळवावं लागतं. त्याच शाळा-जिल्ह्यात बढती घेतलीत तर शिक्षक म्हणून मिळवलेला हक्क शाबूत राहतो का आणि नव्या पदाचं घड्याळ कुठल्या तारखेपासून सुरू होतं, हे शिक्षक संघटनेच्या प्रतिनिधीला राजीनामा देण्याच्या आधी विचारा, नंतर नाही.